एकशे तिसावी पायरी

कास्त्रोहून निघताना भावानं विचारलं, वस्ती कशी आहे तिथली?
चांगली आहे, म्हटलं.
पाहिली नव्हती अजून.

वाल्पाराइसोत सगळेच चांगल्या टेकडीवर राहतात.
वाईट टेकडी नेहमी दरीच्या पलीकडे.
टॅक्सीवाला निबाल्दो म्हणाला, इथं नको, पलीकडं बघा.
पलीकडची पाववाली म्हणाली, कुठंही राहा बाई,
फक्त ते टॅक्सीवाले राहतात तिथं नको.

घरमालकानं खोलीच्या दाराची तीन कुलपं दाखवली
लेकीच्या लग्नातले दागिने दाखवावेत तशी, एकेक उघडून.
तीन कुलपं म्हणजे खोली भक्कम
की तीनदा कुणी येऊन गेलेलं?
विचारलं नाही.
भाडं परवडत होतं.

ऐकावं जनाचं, ते झालं ऐकून.
मनाचं करायचं तर मन गप्प.

वॉर्डातली लुझमिरा म्हणाली, दिवसा घर बघू नकोस.
दिवसा सगळ्याच वस्त्या आंघोळ करून बसलेल्या असतात.
तुझी पाळी सुटते ना अकराला? अकराला जा.

लेकीला तिच्याकडं झोपवून गेले.
जिन्याच्या मधोमध बसले, पाठ भिंतीला लावून.
खाली बंदर, क्रेनचे पिवळे दिवे,
समोर तारेवर शाळेचा पांढरा सदरा,
रात्रीवर सोडून दिलेला, एकाच चिमट्यावर.
म्हणजे बरं असावं इथं.
पण कठड्यावर तीन कुंड्या, त्यातल्या एकीला
सायकलची साखळी.
म्हणजे?

एक मुलगी एकटीच उतरत गेली,
मुठीत किल्ली, टोक दोन बोटांमधून बाहेर.
ती मूठ मी ओळखली. माझीच होती.
दिव्याखाली सिगारेट ओढणाऱ्या पोरांतला एक म्हणाला,
शुभ रात्री, सेन्योरा.
मी उत्तर दिलं नाही, आणि मग
त्याच्यापेक्षा मलाच माझं गप्प बसणं भीतीदायक वाटलं.

दार उघडलं. सपाता, झाडू, सत्तरीची बाई.
कोण हवंय?
कुणी नाही.
अर्धा तास बसली आहेस. आम्ही बघतोय.
आम्ही?
वर पाहिलं. चार खिडक्या, चार पडदे, चारही जरासे सरकलेले.
वस्ती जोखायला आले होते मी,
आणि तराजूत केव्हाची मीच.

नाव सांगितलं, ओयार्सो, चिलोएची, नर्स,
सहा वर्षांची मुलगी आहे, वरची खोली बघतेय.
ती माझ्याच पायरीवर बसली, गुडघ्यांना शिव्या देत.
आधीचा पोरगा उत्तरेला खाणीत गेला, म्हणाली.
कुलपं त्याच्याही आधीची.
कोणी लावली, का लावली, आता कुणाला आठवत नाही.
आणि ती साखळी?
ते जिरेनियम माझ्या बहिणीचं होतं.
बाकीच्या दोन कुंड्या गेल्या तर जाऊ देत.

सुरक्षित आहे का इथं, दोन्या एल्सिरा?
तिनं बराच वेळ घेतला. बंदरात एक भोंगा झाला.
एकशे तिसाव्या पायरीवरचा दिवा सारखा जातो,
नगरपालिकेला सांगून तोंड दुखलं.
तिथं आलीस की जरा खोक.
मला झोप कमी आहे.

मार्चपासून मी रोज रात्री खोकते.
वरून खोकला येतो, कधी नुसतंच भांडं वाजतं.
भाऊ फोनवर तेच विचारतो, मी काहीतरी सांगते,
आमान्काय मागून ओरडते, मामा, इथं मांजर आहे.

काल वरून काहीच आलं नाही.
दोनदा खोकले. अंधार तेवढाच होता, पोरं तीच.
मुठीतली किल्ली नीट धरायचं सुद्धा सुचलं नाही,
पन्नासेक पायऱ्या धावत चढले,
दार बडवलं, सगळ्या जिन्याला जाग आणली.

टीव्हीपुढं घोरत होती,
मालिका तशीच चालू.
उठून म्हणाली, अगं हळू,
लोक काय म्हणतील, कसली वस्ती आहे ही.